जेऊरचा सूर्य

सॅन होजे आणि आसपास राहणाऱ्या प्रत्येकाने माउंट हॅमिल्टनच्या माथ्यावरचे ते पांढरे घुमट कधी ना कधी पाहिलेले आहेत. हवा स्वच्छ असली की पूर्वेकडे मान वळवली तरी दिसतात. भारतातून आई-बाबा आले की गोल्डन गेट, सतरा मैलांचा ड्राइव्ह, लिव्हरमोरचं देऊळ आणि त्यातूनही एखादा शनिवार उरला तर लिक वेधशाळा, हा आपला ठरलेला कार्यक्रम. वर जाणारा रस्ता असा वळणावळणाचा की निम्म्या पाहुण्यांचं लक्ष दुर्बिणीपेक्षा पोटातल्या नाश्त्याकडे असतं! पण याच वेधशाळेची माणसं १८९८ च्या जानेवारीत सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तंबू ठोकून बसली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हतं.

जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं, मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरचं एक छोटं स्टेशन. सोलापूरकडच्या मंडळींनी ते गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल आणि लगेच विसरलंही असेल.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. इतिहास हा विषय दहावीच्या परीक्षेनंतर मी आनंदाने सोडून दिला होता. मात्र गेली काही वर्षं मला सूर्याचे फोटो काढण्याचा नाद लागला आहे. लोक रात्री जागून तारे बघतात, मी शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन बॅकयार्डात सूर्याला दुर्बीण लावतो. (दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला फिल्टर लावून, हे आधीच सांगतो. त्या फिल्टरमधून सूर्याचा साधारण एक लाखावा भाग प्रकाश आत येतो. फिल्टरशिवाय एकदा जरी डोळा लावला तर पुढचे दिवाळी अंक दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतील.) या नादातला माणूस फिरत फिरत कधीतरी जुन्या ग्रहणांच्या फोटोंपाशी पोचतो. तिथे मला जेऊर भेटलं. आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं, की ज्या अडचणींशी मी रात्री लॅपटॉपवर झटापट करतो, त्यांच्यातल्या बहुतेक अडचणी २२ जानेवारी १८९८ च्या त्या एका दुपारी, कोकणापासून विदर्भापर्यंत, काचेच्या प्लेटा घेऊन बसलेल्या लोकांसमोर होत्या. त्यांनी काढलेले तोडगे पाहून मी थक्क झालो.

पण आधी विजयदुर्गाचं बोलायला हवं, कारण ग्रहण आणि महाराष्ट्र म्हटलं की पहिलं नाव तेच निघतं. किल्ल्यावरचे दगडी ओटे दाखवून सांगतात, की लॉकियर साहेबाने इथून १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. ऐकायला छान वाटतं, पण तसं घडलेलं नाही. १८६८ च्या त्या ग्रहणाला नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. ग्रहण पाहिलं ते फ्रान्सच्या जान्सेनने आणि इतर काही निरीक्षकांनी, आणि जान्सेन होता आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियरने सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा पाहिली त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडमधून, ग्रहण नसताना. तो विजयदुर्गाला आला खरा, पण तीस वर्षांनी, १८९८ च्या ग्रहणासाठी, 'मेलपोमीन' या ब्रिटिश युद्धनौकेच्या खलाशांना हाताशी घेऊन. तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती. ऑगस्टात कोकणात पाऊस कसा असतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला तरी ही कथा ऐकताना शंका यायला हवी! मला वाईट वाटतं ते एवढ्यासाठीच, की या न घडलेल्या गोष्टीच्या मागे खरी घडलेली गोष्ट झाकली गेली, आणि खरी गोष्ट जास्त मोठी आहे.

त्या दिवशी चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून जमिनीवर चढला, सोलापूर जिल्ह्यावरून, वऱ्हाडावरून, नागपूरजवळून पुढे मध्य भारतात आणि बिहारकडे गेला. जानेवारी महिना, कोरडी हवा, निळंभोर आकाश. ग्रहणाच्या शास्त्रज्ञाला यापेक्षा जास्त काय हवं? विजयदुर्ग, जेऊर, तळणी, पुलगाव अशा ठिकाणी छावण्या पडल्या. पूर्ण ग्रहण कुठेही सव्वादोन मिनिटांच्या फार पलीकडे जाणार नव्हतं. आपल्याकडे तो काळ कठीण होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता, दुष्काळ नुकताच होऊन गेला होता, पुण्यात रँडचा खून होऊन सात महिने झाले होते. 'ओरायन' लिहिणारे टिळक त्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. शं. बा. दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध होऊन दोन वर्षं झाली होती. अशा काळात ही मंडळी लाकडी खोकी, भिंगं आणि काचा घेऊन रेल्वेच्या छोट्या छोट्या स्टेशनांवर उतरत होती.

सूर्याचा फोटो ही तेव्हा काही नवी गोष्ट नव्हती. १८४५ साली फिझो आणि फुको या दोघांनी पॅरिसला सूर्याचा पहिला चांगला डागेरोटाइप घेतला, त्यावर डाग दिसतात. १८५१ साली क्योनिग्सबर्गला बेरकोव्स्की नावाच्या फोटोग्राफरने ग्रहणातला प्रभामंडल, म्हणजे कोरोना, पहिल्यांदा पकडला. पुढे वॉरन डी ला रू या हौशी माणसाने (धंदा कागद आणि छपाईचा!) खास सूर्यासाठी कॅमेरा बनवला आणि १८६० साली तो स्पेनला नेला. त्यामुळे १८९८ साली प्रश्न 'फोटो येतो का' हा नव्हता. प्रश्न होता, फोटोत जे येतं ते किती आणि किती खरं?

आता जेऊर. लिकहून आलेल्या तुकडीचा प्रमुख विल्यम वॉलेस कॅम्बेल. हाच पुढे लिकचा संचालक झाला, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि १९२२ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो हे आइन्स्टाइनचं भाकीत त्याने पक्कं केलं. बरोबर त्याची बायको एलिझाबेथ. छावणीची व्यवस्था आणि कामातली मदत, दोन्हीत तिचा हात होता. खर्च सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॉकर घराण्याचा, तेच रेल्वेवाले.

कॅम्बेलने आणलेला मुख्य कॅमेरा ४० फुटी होता. चुकून जास्त लिहिलेलं नाही, चाळीस फूट. भिंगाचा व्यास फक्त ५ इंच, पण भिंगापासून प्लेटपर्यंतचं अंतर ४० फूट. लिकच्याच शेबर्ली नावाच्या शास्त्रज्ञाने तो बनवून १८९३ साली चिलीच्या ग्रहणात वापरला होता. सूर्याच्या प्रतिमेचा हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थला साधारण १०७ ने भागा. म्हणजे ४० फुटांच्या कॅमेऱ्यात सूर्याचं बिंब साडेचार इंचांचं, बशीएवढं! माझ्या दुर्बिणीची फोकल लेंग्थ ७०० मिलिमीटर, तिच्यातलं बिंब साडेसहा मिलिमीटरचं, तुरीच्या दाण्याएवढं.

मग त्यांना एवढा मोठा सूर्य कशाला हवा होता? कारण त्या काळच्या प्लेटवरचा रासायनिक थर भरड होता. दाण्याएवढ्या प्रतिमेतले बारकावे त्या थराच्या कणांतच हरवले असते. म्हणून उपाय एकच, प्रतिमाच मोठी करा. आज कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा एकेक पिक्सेल काही हजारांश मिलिमीटरचा असतो, म्हणून मला तुरीच्या दाण्यातही सूर्यडाग, त्याच्या कडेची झालर आणि दिवस चांगला असेल तर आजूबाजूचे दाणेदार कणही मिळतात. त्यांनी जे लांबीने साधलं ते आपण बारीक पिक्सेलने साधतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर रेझोल्यूशनचा प्रश्न तोच, फक्त खर्च दुसऱ्या खात्यात टाकला.

चाळीस फुटांची नळी सूर्याकडे फिरवत ठेवणं शक्यच नव्हतं. त्यामुळे नळी ग्रहणाच्या वेळी सूर्य जिथे असणार त्या दिशेला कायमची रोखून बसवायची, भिंग वर मनोऱ्याच्या टोकाला, प्लेट खाली जमिनीपाशी, आणि सूर्य सरकेल तशी प्लेटच घड्याळाच्या यंत्राने रुळावरून सरकवायची. वाऱ्याने नळी हलली तरी भिंग हलू नये म्हणून भिंगाचा मनोरा वेगळा आणि नळीचा आधार वेगळा. लिकच्या दप्तरातला, आता सांताक्रूझच्या विद्यापीठात असलेला या छावणीचा फोटो मी पाहिला आहे. मोकळं माळरान, आणि मधोमध लाकडांचा तिरका सांगाडा आकाशाकडे तोंड करून उभा. एखाद्या बांधकामाची परात सुटलेली वाटावी. हे सगळं ज्या दोन मिनिटांसाठी, त्यांची तालीम आधी पुन्हा पुन्हा करायची: कोणी सेकंद मोजायचे, कोणी प्लेट बदलायची, कोणी झाकण उघडायचं.

२०१७ च्या २१ ऑगस्टला मी ओरेगॉनमधल्या मॅड्रसला ग्रहण पाहायला गेलो होतो. तिथेही पूर्ण ग्रहण दोन मिनिटांचंच होतं. माझ्या वतीने लॅपटॉप कॅमेरा चालवत होता, सेकंदाच्या हजाराव्या भागापासून दोन सेकंदांपर्यंत एकामागून एक एक्स्पोजर, आणि मी मान वर करून चक्क सूर्य पाहत उभा होतो. जेऊरला प्लेट बदलणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते सुख किती आलं असेल याचा विचार माझ्या मनात तेव्हा आला नाही, आता येतो.

एकामागून एक वेगवेगळी एक्स्पोजर कशासाठी, हे थोडं समजून घेऊ, कारण खरी गंमत इथेच आहे. कोरोना सूर्याच्या कडेला लख्ख असतो आणि बाहेर जाताना झपाट्याने मंद होतो. सूर्याच्या दोन-तीन त्रिज्या दूर गेलात तर प्रकाश हजारपटीच्या आसपास कमी झालेला असतो. डोळा आणि मेंदू मिळून ही दरी कशीतरी सांभाळतात. प्लेट किंवा सेन्सर सांभाळत नाही. कमी वेळ उघडला तर कडेचे ज्वालांचे लोळ छान येतात पण बाहेर काळोख. जास्त वेळ उघडला तर बाहेरच्या लांब शलाका येतात, पण आतलं सगळं पांढरंफटक जळून जातं. लग्नाच्या फोटोत नवरीच्या शालूची नक्षी यावी तर मागच्या काकांचा चेहरा काळा, आणि काका दिसावेत तर शालू पांढरा, तोच प्रकार, फक्त हजारपट.

आज आपल्या फोनमध्येही यावर उत्तर असतं, एचडीआर. तीन-चार फोटो वेगवेगळ्या उजेडाचे घ्या आणि सॉफ्टवेअरने जोडा. १८९८ साली सॉफ्टवेअर नव्हतं, पण उत्तर होतं, आणि ते बे एरियातूनच गेलं होतं! ओकलंडच्या शाबो वेधशाळेचा चार्ल्स बर्कहाल्टर. आपली मुलं जिथे शाळेच्या सहलीला जातात ते शाबो सेंटर म्हणजे त्याच वेधशाळेचा आजचा अवतार. हा माणूस मुळात हौशी, घरच्या दुर्बिणीवरून सुरुवात केलेला. त्याने प्लेटच्या अगदी पुढे एक खास आकाराची चकती बसवली आणि ती गरगर फिरवली. चकतीचा आकार असा, की सूर्याच्या कडेजवळचा भाग प्रत्येक फेरीत जास्त वेळ झाकलेला राहावा आणि बाहेर जाल तसा कमी. त्यामुळे एकाच प्लेटवर आतल्या लख्ख भागाला थोडा प्रकाश मिळे, बाहेरच्या मंद भागाला पूर्ण. १८९६ साली तो हे यंत्र घेऊन जपानला गेला, तिथे ढगांनी घात केला. दोन वर्षांनी तो ते घेऊन हिंदुस्थानात आला आणि इथल्या निरभ्र आकाशाखाली ते चाललं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. जे काम मी फोटोशॉपमध्ये तीन रात्री बसून केलं होतं, ते या गृहस्थाने पत्र्याच्या एका चकतीने, फोटो काढतानाच करून टाकलं! पण दुसऱ्या दिवशी जरा शांत डोक्याने विचार केला तेव्हा त्यातली मेखही दिसली. अशा प्लेटवरून कोरोना इथे किती तेजस्वी आणि तिथे किती, हे थेट मोजता येत नाही. चकतीने काय काय झाकलं याचा हिशेब उलटा करावा लागतो. चित्र सुंदर झालं, पण मोजमाप गेलं. माझ्या तीन रात्रींच्या चित्राचंही तेच आहे. त्यात कोरोनाचे धागे स्पष्ट दिसतात, पण त्या चित्रावरून कोणी तेज मोजू लागलं तर त्याला हात जोडून सांगावं लागेल, बाबा रे, मूळ फाइली घे.

बर्कहाल्टरसारखं यंत्र नसलेल्यांसाठी त्या काळी आणखी एक पद्धत होती, आणि ती मला सर्वांत जवळची वाटते. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत डब्ल्यू. एच. वेस्ली नावाचे गृहस्थ होते. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या निगेटिव्ह समोर ठेवून ते एकच चित्र हाताने रेखाटत: आतला भाग या प्लेटवरून, बाहेरचा त्या प्लेटवरून. अनेक ग्रहणांचे कोरोना आज आपल्याला वेस्लींच्या हातून माहीत आहेत. माणूसच सॉफ्टवेअर! आज चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथले गणिताचे प्राध्यापक मिलोस्लाव द्रुकम्युलर हेच काम गणिताने करतात. कित्येक फोटो अगदी अचूक एकमेकांवर बसवून त्यांनी काढलेला कोरोना पाहिला, की आपण आपली फाइल मुकाट्याने बंद करतो. वेस्लींच्या चित्रावर आक्षेप असा घेता येई, की चित्रकाराच्या हाताने किती रेषा भरल्या? द्रुकम्युलर यांच्या चित्राचं सूत्र निदान लिहिलेलं असतं, कोणालाही तपासता येतं. माझ्या मते फरक इतकाच आहे, आणि तो मोठा आहे.

आता जेऊरहून ईशान्येकडे चलू, वऱ्हाडात. धामणगाव आणि पुलगावच्या मध्ये रेल्वेलाइनवर तळणी नावाचं स्टेशन आहे. तिथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची छावणी होती. ही संस्था १८९० साली निघाली ती मुख्यतः हौशी लोकांसाठी, आणि तिथे बायकांना पहिल्यापासून प्रवेश होता. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीवाल्यांना त्यासाठी १९१६ साल उजाडावं लागलं.

तळणीच्या छावणीत ॲनी माँडर होती. आयर्लंडची, केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेली. १८९१ साली ती ग्रीनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर लागली. काम सूर्याचे रोजचे फोटो घेणं आणि डाग मोजणं. १८९५ साली तिथल्याच वॉल्टर माँडरशी लग्न झालं आणि नियमाप्रमाणे तिला नोकरी सोडावी लागली. लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी नाही! (एच-फोर व्हिसावरच्या आपल्या मंडळातल्या कित्येक जणींना ही गोष्ट फार परकी वाटणार नाही.) पण तिने सूर्य सोडला नाही. कॉलेजच्या मदतीतून तिने दीड इंच व्यासाच्या भिंगाचा एक छोटा कॅमेरा मिळवला आणि तो घेऊन ती तळणीला आली.

जेऊरला पाच इंची भिंग, चाळीस फुटी नळी. तळणीला दीड इंची भिंग, छोटी पेटी. आणि सूर्यापासून निघालेली जवळजवळ साठ लाख मैल लांबीची एक शलाका उमटली ती या छोट्या पेटीत! तोवर कोरोनाची इतकी लांब शलाका कोणाच्याच फोटोत आलेली नव्हती. यात चमत्कार काही नाही. लांब नळी सूर्य मोठा करते पण त्याच प्रकाशाला मोठ्या जागेवर पसरवते, त्यामुळे मंद गोष्टी आणखी मंद होतात. आखूड नळीत सूर्य छोटा, पण पसरट मंद शलाकेचा प्रकाश एकवटलेला, आणि आजूबाजूचं आकाशही जास्त. जेऊरने कडेचे बारकावे पकडले, तळणीने पसारा. आजही हौशी फोटोग्राफरांत दोन घराणी आहेत, लांब नळीवाली आणि आखूड नळीवाली, आणि दोन्ही एकमेकांना तुच्छ लेखतात. त्यांना तळणीचा किस्सा ऐकवावा.

त्याच छावणीत जॉन एव्हरशेड होता. पोटासाठी रसायनं तपासायची नोकरी, आणि घरी सूर्याचा वर्णपट. थोडक्यात, त्या काळचा आपल्यासारखाच वीकएंडवाला. तळणीला त्याने ग्रहण लागताना आणि सुटताना क्षणभर चमकणाऱ्या वर्णपटाचे फोटो घेतले आणि हायड्रोजनच्या रेषा जिथे संपतात त्याच्याही पुढचा प्रकाश नोंदवला. नऊ वर्षांनी, १९०७ साली, हाच हौशी माणूस कोडाईकनालच्या वेधशाळेत शास्त्रज्ञ म्हणून आला. १९०९ साली त्याला दिसलं की सूर्यडागाच्या झालरीतला वायू बाहेरच्या दिशेने वाहतो. त्याला आज जगभर 'एव्हरशेड परिणाम' म्हणतात. घरच्या छंदातून निघून वऱ्हाडमार्गे पाठ्यपुस्तकात!

एव्हरशेडचं घरचं यंत्र होतं ते स्पेक्ट्रोहेलियोग्राफ, जे १८९० च्या सुमारास अमेरिकेत हेलने आणि फ्रान्समध्ये देलांद्रने स्वतंत्रपणे काढलं. हेलने तेही शिकागोत घराशेजारच्या स्वतःच्या वेधशाळेत केलं होतं. कल्पना साधी आहे. सूर्याची प्रतिमा एका अरुंद फटीवर पाडायची, फटीतून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढायचा, त्यातला हायड्रोजनचा किंवा कॅल्शियमचा एकच रंग ठेवायचा, आणि फट सूर्यावरून सरकवत पट्ट्या-पट्ट्यांनी पूर्ण चित्र उभं करायचं. मधल्या काळात हौशी लोकांसाठी तयार फिल्टरच्या छोट्या दुर्बिणी आल्या, माझी पहिली तशीच होती. पण अलीकडे फ्रान्सच्या ख्रिस्तियाँ ब्युईल यांनी थ्री-डी प्रिंटरवर छापता येणारा स्पेक्ट्रोहेलियोग्राफ सगळ्यांसाठी मोकळा करून दिला. सूर्य फटीवरून आपोआप सरकतो, कॅमेरा त्याचा व्हिडिओ घेतो, आणि प्रोग्राम प्रत्येक फ्रेममधली एकेक रेघ उचलून शेजारी शेजारी लावतो. म्हणजे एव्हरशेडच्या घरातलं यंत्र सव्वाशे वर्षांनी प्लॅस्टिकमध्ये परत आलं.

या सगळ्या छावण्यांतली एक चुटपुट लावणारी गोष्टही सांगून टाकतो. सावलीच्या पट्ट्यात पुढे बिहारमध्ये बक्सरला जादूगार नेव्हिल मॅस्केलाइन चलत्चित्राचा कॅमेरा घेऊन आला होता. ग्रहणाची फिल्म त्याने घेतलीही, पण परतीच्या प्रवासात डबाच चोरीला गेला! १९०० साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात त्याने पुन्हा घेतली, आणि ती मात्र टिकली.

तर आता माझ्या बॅकयार्डातलं काम. सूर्याचा एक फोटो काढून भागत नाही. दिवसा जमीन तापली की हवा उकळत्या पाण्यासारखी हलते आणि प्रतिमा त्याबरोबर. म्हणून मी सकाळी लवकर, गवताच्या बाजूने दुर्बीण लावतो आणि व्हिडिओ घेतो, दोन हजार फ्रेमचा. त्यातल्या दहा टक्के फ्रेम हवा क्षणभर थांबलेली असताना आलेल्या असतात. प्रोग्राम त्या निवडतो, एकमेकांवर बसवतो, सरासरी काढतो. इथपर्यंत सगळं सरळ आहे, आणि सरासरीने गोंगाट कमी होतो हे तर आपण कॉलेजात शिकलेलोच असतो. पुढची पायरी मात्र निसरडी आहे: शार्प करणं. एक स्लायडर आहे. थोडा सरकवला की दाणे उठून दिसतात. आणखी सरकवला की अप्रतिम दिसतात. आणखी सरकवला तरी अप्रतिमच दिसतात, फक्त आता ते सूर्यावर नसतात, माझ्या लॅपटॉपवर जन्मलेले असतात. डागाभोवती काळ्या कडा, ज्वालांना दुहेरी किनार, सगळं सुबक आणि सगळं खोटं.

मंडळाच्या गणेशोत्सवातल्या प्रदर्शनात मी हायड्रोजनच्या प्रकाशातला सूर्य लावला होता, केशरी, कडेला ज्वाला. एका काकूंनी बराच वेळ बघून विचारलं, "अरे, पण सूर्य असा दिसतो का रे?" मी म्हटलं, "नाही काकू. कॅमेरा काळा-पांढराच आहे, केशरी रंग मी दिलाय. आणि कडेच्या ज्वाला वेगळ्या फोटोतल्या आहेत, बिंबाच्या फोटोत त्या येत नाहीत." काकू म्हणाल्या, "मग खाली तसं लिही की." आता मी तसं लिहितो. किती फ्रेम, कोणता फिल्टर, काय जोडलं, रंग कोणी दिला. एखाद्या धाग्याबद्दल शंका असली तर उदयपूरसह जगात सहा ठिकाणी असलेल्या गाँग दुर्बिणींच्या त्याच वेळच्या चित्राशी ताडून बघतो. तिथे नसेल तर स्लायडर मागे.

शेवटी एक नाव राहिलं, आणि ते आपल्या पुण्याचं आहे. जेऊरला कॅम्बेलखेरीज आणखी एक छावणी होती, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांची. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून त्यांनी कॉलेजात १८८८ च्या सुमारास वेधशाळा उभी केली होती, तिचं नावही महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. तिथली ग्रब कंपनीची दुर्बीण त्या काळात देशात सर्वांत मोठी होती. जेऊरला नायगमवालांनी त्या क्षणभर चमकणाऱ्या वर्णपटाचे फोटो घेतले, आणि त्यांचा अहवाल १९०२ साली छापून निघाला. गोऱ्या साहेबांच्या इतक्या छावण्यांत एका हिंदी प्राध्यापकाची स्वतंत्र छावणी, स्वतःच्या नावाचा अहवाल! सीओईपीतून शिकून इथे आलेले माझे निदान पाच-सहा मित्र आहेत, आपल्या कॉलेजात अशी वेधशाळा होती हे एकालाही ठाऊक नव्हतं. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती 'भावनगर दुर्बीण' म्हणून ओळखली जाते. पुण्याचं नाव त्यातून गळून गेलं.

कोडाईकनालला १९०४ च्या सुमारापासून रोजच्या रोज सूर्याचे फोटो घेतले गेले, शंभर वर्षांहून जास्त. त्या प्लेटा आता स्कॅन झाल्या आहेत. एव्हरशेडच्या काळातली एखादी प्लेट उघडून बघतो तेव्हा तिच्यावर ओरखडे असतात, धूळ असते, कोपऱ्यात शाईने तारीख असते. कोणी स्लायडर सरकवलेला नसतो.

या डिसेंबरात पुण्याला जाणार आहे. छोटी दुर्बीण आणि फिल्टर सुटकेसमध्ये बसतात, वजन करून पाहिलं. पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसून जेऊरला उतरायचं ठरवलं आहे. मंडळात कोणाचं गाव करमाळ्याकडे किंवा धामणगावकडे असेल, आणि घरात पणजोबांच्या तोंडची त्या ग्रहणाची, त्या लाकडी मनोऱ्याची काही गोष्ट सांगितली जात असेल, तर मला जरूर कळवा. जुना फोटो असेल तर स्कॅन मी करून देईन, आणि शार्प अजिबात करणार नाही.